पांडेसऱ्यापासून सुरत

जळगावहून ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने सुरतेला निघालात तर नवापूरला जागे राहा. या स्टेशनाच्या फलाटावरूनच महाराष्ट्र आणि गुजरातची हद्द जाते. फलाटाचा एक भाग नंदुरबार जिल्ह्यात आहे आणि दुसरा तापी जिल्ह्यात. हद्दीवर ठेवलेल्या बाकाची एक बाजू महाराष्ट्राची, दुसरी गुजरातची. लोक त्यावर बसून फोटो काढतात आणि गाडी पुढे सोनगड, व्यारा, बारडोली करत सुरतेकडे निघते. १९६० साली नकाशावर रेघ ओढली गेली, पण हा लोहमार्ग तिच्या साठ वर्षं आधीपासून माणसं आणि माल वाहत होता. अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार या गावांना मुंबईपेक्षा सुरत जवळची वाटते, याचं पहिलं कारण हा मार्ग. धुळ्याहून रस्त्याने मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास पडते, सुरत सव्वादोनशेच्या आसपास.

सुरतेला पहिल्यांदाच आलेल्या मराठी माणसाने सुरत स्टेशनापर्यंत जाऊ नये, एक स्टेशन आधी उधन्याला उतरावं, असं माझं ठाम मत आहे. पहिला दिवस किल्ल्यापासून सुरू करू नये, पांडेसरा या गिरण्यांच्या भागापासून करावा.

प्रवासाच्या पुस्तकांनी आपल्याला वेगळी सवय लावली आहे. बाल्कन देशांच्या राजधान्यांचंच पाहा. सारायेवोत पाऊल ठेवलेला पाहुणा पहिल्या दिवशी बाश्चार्शिया या जुन्या तुर्की बाजारात जातो. मोरिचा हान नावाची व्यापाऱ्यांची सराय पाहतो, तांब्याच्या भांड्यांची गल्ली फिरतो. स्कोप्येत तो दगडी पुलावरून वार्दार नदी ओलांडतो आणि तिथल्या जुन्या बाजारात शिरतो. बेलग्रेडमध्ये त्याची पावलं कालेमेगदान किल्ल्याकडे वळतात, कारण सावा आणि डॅन्यूब या नद्यांचा संगम तिथून दिसतो. हे सगळं पाहण्यासारखं आहेच. पण बेलग्रेडची लाखो माणसं सावाच्या पलीकडे, नोवी बेओग्राद या भागात राहतात. दलदल भरून १९४८ पासून उभ्या केलेल्या त्या वसाहती पहिल्या दिवसाच्या यादीत सहसा नसतात. शहराचा भूतकाळ पाहून पाहुणा परततो आणि शहर पाहिलं असं सांगतो.

सुरतेच्या बाबतीत मराठी माणसाचं असं होण्याचा धोका अधिक आहे. आपल्यासाठी सुरत म्हणजे शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकातले शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्यांचे दोन प्रसंग, १६६४ चा आणि १६७० चा. त्यानंतर या शहराशी आपला संबंधच उरला नाही, अशा थाटात आपण तिच्याविषयी बोलतो. प्रत्यक्षात आज खानदेशातल्या कुठल्याही गावात विचारलं, तर कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा, कुणाची आख्खी भावकी उधना, लिंबायत, डिंडोली नाहीतर पांडेसऱ्यात निघते. मराठी माणसाची जिवंत सुरत ही आहे.

उधन्याहून दक्षिणेला सचिनकडे जाणाऱ्या रस्त्यावर पांडेसरा लागतं. सुरतेची पहिली बीआरटीएस बससेवा जानेवारी २०१४ मध्ये याच रस्त्यावर, उधना दरवाजा ते सचिन अशी सुरू झाली. बसच्या खिडकीतून आधी डोळ्यांत भरतात त्या चिमण्या. इथली औद्योगिक वसाहत जीआयडीसीची आहे, म्हणजे आपल्याकडच्या एमआयडीसीची गुजराती बहीण. पण चाकण किंवा अंबडसारखे मोकळे रस्ते आणि झाडांच्या रांगा इथे शोधू नका. एका भिंतीला लागून दुसरी गिरणी, गिरणीच्या फाटकासमोर चहाची टपरी, टपरीच्या मागे खोल्यांच्या चाळी, असा हा दाट भाग आहे. सकाळी पाळी बदलण्याच्या वेळी पोहोचलात तर रस्ता सायकलींनी आणि पायी चालणाऱ्यांनी भरलेला असतो. रात्रपाळीवाले बाहेर येत असतात, दिवसपाळीवाले आत जात असतात. बारा तासांच्या दोन पाळ्या हा इथला जुना शिरस्ता आहे, त्यामुळे यंत्रं फारशी थांबत नाहीत.

या गिरण्यांत सूत कातलं जात नाही आणि बहुतेक ठिकाणी कापडही विणलं जात नाही. पांडेसऱ्याचं मुख्य काम रंगाई आणि छपाईचं. यंत्रमागांवर विणलेलं कोरं कापड, इथल्या भाषेत ग्रे, टेम्पो भरभरून येतं आणि रंगून, छापून, घडी होऊन परत जातं. लग्नात देण्याघेण्याच्या साड्यांचा गठ्ठा, गावच्या बाजारात मिळणारी दोन-तीनशे रुपयांची जॉर्जेट, शाळेतल्या बाईंची रोजची फुलाफुलांची साडी, यांतल्या कितीतरी साड्या या किंवा अशाच गिरणीतून आलेल्या असतात. तेव्हा त्या कशा तयार होतात ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

ग्रे कापड हातात घेतलं तर कडक लागतं, रंगाने मळकट पांढरं दिसतं. ते बहुतेक पॉलिएस्टरचं असतं. विणताना धागा तुटू नये म्हणून त्यावर तेल आणि खळ चढवलेली असते. ती आधी धुऊन काढतात. जॉर्जेट किंवा क्रेप असेल तर ते गरम पाण्याच्या मोठ्या ड्रममध्ये घोळवतात. या कापडाच्या धाग्याला विणण्याआधी भरपूर पीळ दिलेला असतो. ड्रममध्ये तो पीळ सैल होऊ पाहतो, कापड आक्रसतं आणि अंगावर बारीक दाणेदार पोत येतो. मग येते कॉस्टिक सोड्याची पाळी. कॉस्टिक पॉलिएस्टरच्या धाग्याला वरून खात जातं आणि कापडाच्या वजनातला काही भाग अक्षरशः विरघळून पाण्यात जातो. कारखानदार हे जाणूनबुजून करतो, कारण धागा बारीक झाला की ताठपणा जातो आणि कापड रेशमासारखं अंगावरून ओघळतं. स्वस्त साडीला तो मऊपणा कसा येतो, याचं उत्तर या कॉस्टिकच्या हौदात आहे.

रंगवण्याची गोष्ट याहून नवलाची आहे. कापूस पाणी पितो, म्हणून त्याला पाण्यात विरघळणारा रंग चालतो. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ पीतच नाही, त्याच्या धाग्याची आतली वीण फार घट्ट असते. म्हणून त्याच्यासाठी वेगळ्या जातीचे रंग लागतात. ते पाण्यात विरघळत नाहीत, अतिशय बारीक कणांच्या रूपात नुसते तरंगतात. असं पाणी आणि कापड जेट नावाच्या बंद यंत्रात घालतात. आत दाब वाढवून पाणी १३० अंश सेल्सियसपर्यंत तापवतात. उघड्या भांड्यात पाणी शंभर अंशांना उकळून वाफ होतं, दाबाखाली मात्र ते १३० अंशांनाही पाणीच राहतं. एवढ्या उष्णतेला धाग्याची वीण सैल पडते आणि रंगाचे कण आत शिरतात. थंड झालं की वीण पुन्हा मिटते आणि रंग आत कोंडला जातो. म्हणून सुरतेची साडी शंभरदा धुतली तरी तिचा रंग सहसा बादलीत उतरत नाही.

रंगलेलं कापड स्टेंटर नावाच्या लांबलचक यंत्रावर चढतं. दोन्ही काठ पिनांनी धरून ते ताणलं जातं आणि १८० अंशांच्या वरच्या गरम हवेतून पुढे सरकतं, म्हणजे त्याची रुंदी कायमची बसते आणि चुण्या पडत नाहीत. छपाईसाठी पूर्वी लांब टेबलावर कापड पसरून दोन माणसं जाळीची चौकट उचलत-टेकवत पुढे सरकायची. एका रंगाला एक चौकट, सहा रंगांच्या नक्षीला सहा फेऱ्या. आता बहुतेक काम सपाट किंवा गोल जाळीची यंत्रं करतात आणि डिजिटल छपाईही वाढली आहे. जाळीने छापलेला रंग तेवढ्यावर पक्का होत नाही, वाफेच्या खोलीतून कापड फिरवून तो धाग्यात मुरवावा लागतो. त्यानंतर पुन्हा धुणं, पुन्हा वाळवणं आणि शेवटी घडी.

या साऱ्या टप्प्यांना दोन गोष्टी सारख्या लागतात, उष्णता आणि पाणी. उष्णतेसाठी बॉयलर आणि गरम तेलाची थर्मोपॅक भट्टी असते, दोन्ही बहुतांशी कोळशावर चालतात. स्टेंटरजवळ उभं राहून बारा तास काढणं काय असतं, हे मे महिन्यात त्या फाटकाजवळून जाणाऱ्यालाही कळतं. ही किंमत माणसं शरीराने मोजतात. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातच्या अशा मजुरांचा अनेक दशकं अभ्यास केला. काम पाळीच्या हिशेबाने, नेमणूक ठेकेदारामार्फत, हातात नेमणुकीचा कागद नाही आणि खाडा झाला की मजुरी नाही, हे चित्र त्यांच्या लिखाणात पुन्हा पुन्हा येतं. २०२० च्या टाळेबंदीत सुरतेचे परप्रांतीय मजूर गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले, तेव्हा साऱ्या देशाला ते पहिल्यांदा दिसले. स्वस्त साडीच्या कौतुकासोबत हेही पाहुण्याने पाहिलं पाहिजे.

पाण्याची गोष्ट मात्र मला मोठ्या आशेची वाटते. पांडेसऱ्याला लागूनच बमरोली आहे. तिथे सुरत महानगरपालिकेने २०१४ मध्ये एक प्रकल्प सुरू केला. शहराचं सांडपाणी आधी नेहमीच्या पद्धतीने शुद्ध होतं. मग ते अतिसूक्ष्म गाळण्यांतून आणि रिव्हर्स ऑस्मोसिसच्या पडद्यांतून काढतात आणि दिवसाला चार कोटी लिटर पाणी पांडेसऱ्याच्या गिरण्यांना विकतात. रंगाईला क्षार नसलेलं मृदू पाणी लागतं, नाहीतर कापडावर डाग पडतात. असं पाणी नदीतून किंवा बोअरमधून थेट मिळत नाही, ते शहराच्या गटारातून मिळालं. गिरण्यांची सोय झाली, पालिकेला उत्पन्न मिळालं आणि पिण्याच्या पाण्यावरचा ताण कमी झाला. आपल्याकडे इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव ही कापडाचीच गावं आहेत आणि पाण्याची ओढ तिथे दरवर्षीची आहे. तिथल्या नगरसेवकांनी सुरतेची सहल काढली तर किल्ल्याआधी बमरोली पाहावी.

धुराबाबतही सुरतेने एक प्रयोग केला. २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने इथल्या कारखान्यांसाठी धुलिकणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू केला. हवेतल्या कणांसाठी असा बाजार जगात पहिल्यांदाच उभा राहत होता. साऱ्या कारखान्यांनी मिळून किती धूळ सोडायची याची मर्यादा ठरते, तेवढे परवाने वाटले जातात आणि चिमणीतल्या यंत्रांवर सतत मोजणी होते. ज्याने धूर कमी केला तो उरलेला परवाना विकतो, ज्याला जमलं नाही तो विकत घेतो. शिकागो आणि येल विद्यापीठांच्या अर्थतज्ज्ञांनी या कारखान्यांची तुलना बाजाराबाहेरच्या कारखान्यांशी केली, तेव्हा उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी झाल्याचं आढळलं. पांडेसऱ्याची हवा म्हणून स्वच्छ झाली असं मी म्हणणार नाही. तिथे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात. पण उपाय करून पाहायचा आणि त्याचा परिणाम मोजायचा, ही शिस्त तिथे रुजली आहे.

गिरण्यांच्या गल्ल्यांतून वस्तीकडे वळलात की कानावर चार भाषा पडतात. यंत्रमागावर ओडिशाची माणसं पुष्कळ, छपाईत आणि रंगाईत उत्तर प्रदेश-बिहारची. खानदेशी माणूस सगळीकडे भेटतो. गिरणीत, रिक्षात, भाजीच्या गाडीवर, शिवणकामात, बांधकामावर, महापालिकेच्या नोकरीत. ही माणसं इथे आली त्यामागे १९७२ च्या दुष्काळाचा मोठा धक्का होता, पण तेवढंच कारण नव्हतं. खानदेशात स्वतःच्या कापड गिरण्या होत्या. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, चाळीसगावची गिरणी, धुळ्याची गिरणी. त्या एकेक करून आजारी पडल्या, बंद झाल्या. कापडाचं काम जाणणारी माणसं गावात होती, काम मात्र नव्हतं. त्याच वर्षांत सुरतेत कृत्रिम धाग्याचं कापड वाढत होतं आणि थेट गाडी तर दारातूनच जात होती. अहिराणी बोलणाऱ्याला गुजराती फार परकी वाटत नाही, महिन्या-दोन महिन्यांत तो बाजारहाट करू लागतो. १९५१ साली सव्वादोन लाखांचं असलेलं हे शहर २०११ च्या जनगणनेत पंचेचाळीस लाखांच्या जवळ पोहोचलं, ते अशा येणाऱ्यांमुळे.

आलेली माणसं नुसती राबून राहिली नाहीत, रुजली. महानगरपालिकेच्या शाळांत गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू आणि इंग्रजी माध्यमही आहे. परप्रांतातून आलेल्या मजुराच्या मुलाला त्याच्या भाषेत शाळा देणारी महापालिका ही मोठी गोष्ट आहे आणि मराठी माणसाने तिची जाणीव ठेवली पाहिजे. राजकारणातही ही वस्ती दिसते. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील आणि नवसारीचे खासदार, केंद्रीय जलशक्तिमंत्री सी. आर. पाटील हे दोघेही मराठी, आणि सी. आर. पाटील यांचा जन्म जळगाव जिल्ह्यातला. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशची देवी कानबाई बसते तेव्हा या भागात घरोघरी रोटाचा सोहळा होतो आणि दुसऱ्या दिवशी तापीवर विसर्जनाला मिरवणुका निघतात. नदी तीच आहे. मुलताईला उगम पावून बऱ्हाणपूर, भुसावळ, खानदेश करत ७२४ किलोमीटर चालून ती इथे समुद्राला मिळते. गावाकडे सासूने जिच्या काठी कानबाई बुडवली, तिच्याच मुखाशी आता सून कानबाई बुडवते.

दुपारचं जेवण इथेच करावं. झणझणीत शेवभाजी, कळण्याची भाकरी, हिवाळ्यात आलात तर हिरव्या वांग्याचं भरीत. विचारत गेलं की सापडतं.

जेवून बसने उधना दरवाजा गाठा. दरवाजा आता नाही, चौकाला आणि थांब्याला नाव राहिलं आहे. मजुरा गेट, सहारा दरवाजा, दिल्ली गेट ही नावंही अशीच. सुरतेभोवती दोन तट होते. १६६४ मध्ये मराठ्यांचं सैन्य आलं तेव्हा शहराभोवती मातीची भिंत तेवढी होती, त्या स्वारीनंतर पक्क्या विटांची भिंत बांधण्याचा हुकूम औरंगजेबाने दिला. बाहेरचा तट अठराव्या शतकात उभा राहिला. म्हणजे सुरतेचा पक्का तट हा शिवाजी महाराजांच्या स्वारीचा परिणाम आहे.

स्वारीची जागा समजून घ्यायची तर बुऱ्हाणपुरी भागळ शोधा. हा भाग आजही त्याच नावाने ओळखला जातो. बऱ्हाणपूर दरवाजातून खानदेशाकडे, दख्खनकडे आणि पुढे आग्र्याकडे जाणारा मोठा व्यापारी रस्ता सुरू व्हायचा. जानेवारी १६६४ मध्ये महाराज दक्षिणेकडून, गणदेवीच्या बाजूने वेगाने आले आणि त्यांनी या दरवाजाबाहेरच्या बागेत तळ दिला. शहराचा मुघल कारभारी इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला. बोलणी करायला म्हणून त्याने धाडलेल्या माणसाने महाराजांवरच शस्त्र उगारलं. चार दिवस शहर जळत होतं. विरजी वोरा हा त्या काळी जगातल्या सर्वांत श्रीमंत व्यापाऱ्यांत गणला जाणारा सावकार, त्याचा वाडा लुटला गेला. इंग्रज आणि डच आपापल्या वखारी लढवून बसले आणि बचावले. या स्वारीमागे तीन वर्षांचं कारण होतं. शाइस्ताखानाच्या फौजेने स्वराज्याचा मुलूख उजाड केला होता आणि मुघलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून त्याची भरपाई वसूल झाली. ३ ऑक्टोबर १६७० ला दुसरी स्वारी झाली. हा इतिहास मराठी माणसाने अभिमानाने सांगावा, पण त्या शहरात उभं राहून सांगताना त्या चार दिवसांत घर जळालेल्या सामान्य सुरतकराचीही आठवण ठेवावी. आता त्या शहरात आपलीही घरं आहेत.

यातला एक माणूस तुम्हाला अजून भेटू शकतो. कतारगाम दरवाजाजवळ इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे आणि तिच्यातली सर्वांत भव्य इमारत आहे ऑक्झेंडन बंधूंची कबर. धाकटा ख्रिस्तोफर १६५९ मध्ये वारला. थोरला जॉर्ज ऑक्झेंडन १६६४ मध्ये इंग्रज वखारीचा प्रमुख होता, वखार लढवणारा तोच. १६६९ मध्ये तो इथे पुरला गेला. घुमट, कमानी, खांब, सगळं मुघल थाटाचं. परदेशातून आलेला व्यापारी मरताना इथल्या नवाबासारखा थाट मागतो, हे पाहून त्या काळच्या सुरतेचा दबदबा कळतो. सुरतेत इंग्रजांची वखार १६१३ पासून होती. मुख्य ठाणं मुंबईला हललं १६८७ मध्ये.

तापीकाठचा किल्ला लहान आहे, पण त्याची कुळकथा दूरची. पोर्तुगीजांच्या हल्ल्यांना आळा घालावा म्हणून गुजरातचा सुलतान तिसरा महमूद याने तो बांधून घेतला. काम सोपवलं खुदावंदखानाकडे, जो तुर्कांच्या आरमारी जगातून गुजरातेत आलेला सरदार होता. १५४६ मध्ये किल्ला पूर्ण झाला आणि त्याच वर्षी दीवच्या वेढ्यात खुदावंदखान मारला गेला. सारायेवोचा जुना बाजार बहरत होता तो हाच काळ, तुर्की सत्तेचा. बुरुजांचे गोल आकार आणि जाड भिंती तोफांच्या लढाईचा विचार करून केलेल्या आहेत. महापालिकेने अलीकडे किल्ला दुरुस्त करून आत संग्रहालय केलं आहे. नदी इथे उथळ होत गेल्याने मोठी जहाजं शहरापर्यंत येतच नसत, ती समुद्राजवळ सुवाळीला नांगरायची आणि माल होड्यांतून शहरात यायचा.

जवळच मुघलसराय आहे. हजच्या यात्रेकरूंसाठी १६४४ मध्ये शाहजहानच्या काळात बांधलेली ही धर्मशाळा. मक्केला जाणारे हिंदुस्थानचे यात्रेकरू सुरतेहून जहाजात चढायचे. पुढे तिचा तुरुंग झाला आणि १८६७ पासून तिथे नगरपालिका बसली. आजच्या महानगरपालिकेचं मुख्यालय तेच. पाहुण्यांना उतरवण्यासाठी बांधलेल्या वास्तूतून पाहुण्यांनीच भरलेल्या शहराचा कारभार चालतो. या कारभाराची मोठी परीक्षा झाली ती सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग पसरला तेव्हा. लाखो माणसं मिळेल त्या गाडीने पळाली, खानदेशाकडच्या गाड्याही भरभरून गेल्या. तुंबलेली गटारं आणि कचऱ्याचे ढीग जगाने दूरचित्रवाणीवर पाहिले. मे १९९५ मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले. त्यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी रस्त्यावर उतरवलं, कचरा उचलण्याचा हिशेब लावला आणि मोठ्या माणसांची अतिक्रमणंही पाडली. दोन वर्षांच्या आत सुरत देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात ती इंदूरच्या बरोबरीने पहिली आली.

नदीने मात्र पुन्हा परीक्षा घेतली. ऑगस्ट २००६ मध्ये वरच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की पाणी उकाई धरणात येतं. उकाई १९७२ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच्या जलाशयाचा काही भाग नंदुरबार जिल्ह्यातही पसरलेला आहे. उकाईतून नऊ लाख क्यूसेकच्या आसपास पाणी सोडावं लागलं आणि सुरतेचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पाण्याखाली गेला. हतनूरचे दरवाजे किती मीटर उघडले ही बातमी जळगावच्या पेपरात येते तेव्हा पांडेसरा-उधन्याची माणसंही ती वाचतात.

संध्याकाळी रिंग रोडवर या. सुरत टेक्सटाइल मार्केटपासून पुढे दोन्ही बाजूंना कापडाच्या बहुमजली बाजारपेठा आहेत आणि पांडेसऱ्यात सकाळी पाहिलेलं कापड इथे साडीच्या रूपात गठ्ठ्यागठ्ठ्यांनी देशभर निघतं. हमाल पाठीवर पार्सलं घेऊन धावत असतात. भूक लागली की लोचो खा. हरभऱ्याच्या डाळीचा वाफवलेला, मुद्दाम सैल ठेवलेला प्रकार, वर तेल, शेव आणि कांदा. डिसेंबर-जानेवारीत पोंक मिळतो, म्हणजे ज्वारीचा हुरडा, लिंबू-मिऱ्याच्या शेवेबरोबर. शरद पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सगळी सुरत घारी खाते.

तापीपलीकडचं रांदेर दुसऱ्या दिवसावर ठेवा, ते सुरतेहून जुनं बंदर आहे. १५३० मध्ये पोर्तुगीजांनी ते जाळलं आणि व्यापार सुरतेकडे सरकला. पण रांदेरचे व्यापारी समुद्रापार जातच राहिले, एकोणिसाव्या शतकात त्यांनी रंगूनमध्ये पेढ्या घातल्या. तिथे सुरती बाजार आणि सुरती मशीद उभी राहिली. १९४२ मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या तेव्हा त्यांतले कितीतरी परत आले, १९६० नंतर तिथल्या सरकारने दुकानं ताब्यात घेतल्यावर आणखी आले. रांदेरच्या बाजारात आज खावसा मिळतो, ब्रह्मदेशात शिकलेला, नारळाच्या दुधातला शेवयांचा रस्सा. सुरतेचे लोक असे परमुलखात जाऊन, राबून, तिथलं अन्न घेऊन परतले, आणि त्यांच्या गावात आता नंदुरबार-जळगावची माणसं शेवभाजीची दुकानं चालवतात.